दुधाची खूण: जबलपूर ते स्वीडन

आमच्या विजय नगरात रात्री कढईतलं आटीव दूध पिणारे जबलपूरकर आणि तिकडे स्वीडनमध्ये ग्लासभर दूध रिचवणारे लोक, दोघांच्या डीएनएत एकच बदल असू शकतो! लॅक्टेज जनुकाच्या १३,९१० अक्षरं आधी 'सी'च्या जागी 'टी' आला की मोठेपणीही दूध पचतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या सहभागाने झालेल्या २०११ च्या अभ्यासात भारतात सापडलेला मुख्य बदल युरोपातलाच निघाला. वायव्येकडे प्रमाण जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी.

दुधापलीकडे वंशातही दोन्हीकडचं नातं दिसतं. युरोपीय लोक मुख्यतः तीन प्रवाहांतून घडले: तिथले शिकारी, अनातोलियातून आलेले शेतकरी आणि सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचे स्टेप या गवताळ प्रदेशातले पशुपालक. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरची आर१ए खूण युरोपात आणि भारतात दोन्हीकडे आहे, फांद्या मात्र वेगळ्या. युरोपात झेड२८२, आपल्याकडे झेड९३.

हा स्टेपचा अंश भारतात कधी आला, हे शोधताना मला सगळ्यात भारी वाटतं ते त्या वेळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असलेले वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचं काम. हरियाणातल्या राखीगढीच्या उष्ण मातीत डीएनए टिकणं महाकठीण, तरी एका हडप्पाकालीन स्त्रीच्या अंतर्कर्णाभोवतीच्या टणक हाडातून तो मिळाला. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले: स्टेपचा अंश नाही! सांगाडा एकच, हे ध्यानात ठेवा. पण तो अंश आपल्याकडे नंतर, इ.स.पू. २००० ते १५०० च्या सुमारास मिसळला असं संशोधक मानतात.