कोपऱ्यात वाजवणारी माणसं

गेल्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलच्या साध्य-साधन विचारापाशी थांबलो होतो. नंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, हे सगळं रोजच्या जगण्यात दिसतं कुठे?" प्रश्न रास्त होता. म्हणून आज एकच उदाहरण घेतो, आणि ते तुम्हाला जरा अनपेक्षित वाटेल. बारमध्ये वाजवणारा बँड. स्टेडियम भरवणारा नव्हे; गावातल्या पबच्या कोपऱ्यात, डार्टच्या फळीशेजारी उभं राहून शनिवारी वाजवणारा.

आधी या कामाचं स्वरूप बघू. समजा, इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात पबवाल्यानं चौघांना मिळून २०० पौंड ठरवले. प्रत्येकी ५०. संध्याकाळी पाचला ड्रम, ॲम्प, स्पीकर, तारांच्या पेट्या गाडीत चढवायच्या. सहाला पोचायचं. दोन टेबलं सरकवून जागा करायची, आवाज तपासायचा. साडेआठ ते अकरा वाजवायचं, मध्ये विश्रांती घ्यायची ती अशा बेतानं, की लोक उठून घरी न जाता बारकडे वळतील. मग पुन्हा सगळं गुंडाळायचं. घरी पोचेस्तोवर एक वाजतो. आठ तासांचे ५० पौंड, म्हणजे तासाला सव्वासहा. त्यातून पेट्रोल आणि तुटलेल्या तारा वजा करा; सरावाचे तास तर मी धरलेलेच नाहीत. आणि समोर? अकरा माणसं, त्यातली सहा फुटबॉल बघतायत.

मग ही माणसं हे का करतात? पैशासाठी, असं म्हणता येत नाही. हिशोब आत्ताच झाला. प्रसिद्धीसाठी म्हणाल, तर विशीत ते खरं असेल. पण पंचेचाळिशीचा प्लंबर वीस वर्षं बेस गिटार वाजवतो, तो काही उद्या आपलं नाव होईल म्हणून नाही. तेव्हा तिसरं काहीतरी उत्तर असलं पाहिजे.

या प्रश्नाकडे आतून पाहणारा एक माणूस होता, हॉवर्ड बेकर. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात मोठे वादक सैन्यात गेले आणि शिकागोच्या बारमध्ये पियानोवर या पोराला जागा मिळाली. पुढे त्यानं याच लोकांवर अभ्यास केला. १९६३ च्या 'आउटसायडर्स' या पुस्तकात तो आहे. त्यात दिसतं ते असं: वादक गिऱ्हाइकांना आपसात 'स्क्वेअर' म्हणत, म्हणजे ज्यांना संगीतातलं काही कळत नाही असे चौकोनी लोक. शक्य तिथे पियानो असा आडवा ठेवत, की या मंडळींना जवळ येता येऊ नये! (हशा) हसू नका, त्यामागे खरी कोंडी आहे. आपल्याला हवं ते वाजवावं तर काम जातं. त्यांना हवं ते वाजवावं तर स्वतःबद्दलचा आदर जातो.

ॲरिस्टॉटल असता तर म्हणाला असता, "मी सांगितलंच होतं." 'राजनीती'च्या आठव्या भागात तो म्हणतो की संगीत शिकावं, पण धंदेवाईक वादक होऊ नये. कारण तो वादक स्वतःच्या उन्नतीसाठी वाजवत नाही, ऐकणाऱ्याच्या सुखासाठी वाजवतो. आणि ऐकणारा हलका असला की संगीतही हलकं होतं. कठोर आहे, पण नुसतं झटकून टाकण्यासारखं नाही.

याला उत्तर द्यायला मी अ‍ॅलेस्डेर मॅकिंटायरची मदत घेतो. १९८१ चं 'आफ्टर व्हर्च्यू'. तो एका मुलाचं उदाहरण देतो. मुलाला बुद्धिबळ शिकवायचंय, त्याला गोडी नाही. म्हणून खेळलास तर गोळ्या, जिंकलास तर आणखी गोळ्या. जोवर गोळ्याच हव्यात, तोवर फसवून जिंकायला हरकत काय? पण एक दिवस त्याला त्या खेळातलंच काही सापडतं: डाव बांधणं, पुढचं दिसणं. आता फसवलं तर तो स्वतःलाच फसवेल. गोळ्या हे बाहेरचं श्रेय. डाव दिसणं हे आतलं श्रेय. आतलं श्रेय कुठल्याही दुसऱ्या मार्गानं मिळत नाही, आणि जो त्यात उतरलाच नाही त्याला ते नीट ओळखताही येत नाही.

मग बारमधल्या बँडचं आतलं श्रेय कोणतं? इथे पुन्हा बेकरकडेच जाऊ. म्हातारपणी, २००९ मध्ये, त्यानं रॉबर्ट फॉकनर या ट्रंपेटवादक समाजशास्त्रज्ञाबरोबर एक पुस्तक लिहिलं. प्रश्न साधा: एकमेकांना कधीही न भेटलेले चार वादक रात्रभर न अडखळता वाजवतात कसे? उत्तर असं, की सगळ्यांना सगळी गाणी येत असतात म्हणून नव्हे. एकजण विचारतो, "हे येतं का?" दुसरा म्हणतो, "थोडं. पट्टी कोणती?" तिसऱ्याला येत नाही, पण तो पहिल्या फेरीत ऐकतो आणि दुसऱ्या फेरीत शिरतो. ज्याला कमी येतं त्याला सांभाळून घेणं, ज्याला जास्त येतं त्यानं मागे राहणं, गायक एक ओळ विसरला तर श्रोत्याला कळू न देता वळणं. ही निव्वळ बोटांची कला नाही. एकमेकांकडे लक्ष देण्याची ही शिस्त आहे. ॲरिस्टॉटलच्या आक्षेपाला माझं उत्तर हेच: ऐकणारा हलका असला तरी वाजवणाऱ्याला आपल्या शेजारच्या तिघांची जबाबदारी असते, आणि ती हलकी होत नाही.

पण मॅकिंटायर इथे थांबत नाही. तो म्हणतो, अशा साधनेला संस्था लागते, आणि संस्था मात्र बाहेरच्या श्रेयावर चालते. आपल्या उदाहरणात ती संस्था म्हणजे पब. तिथे बिअर खपली पाहिजे. आणि पबच्याही वर कायदा. इंग्लंड-वेल्समध्ये १९६४ च्या कायद्यानं पबमध्ये दोन वादकांपर्यंत करमणुकीचा वेगळा परवाना लागत नसे. तिसरा उभा राहिला की लागे. २००५ पासून नवा कायदा आला आणि ही सूट गेली. पुष्कळ ओरड झाल्यावर २०१२ मध्ये छोट्या कार्यक्रमांना पुन्हा मोकळीक मिळाली: सकाळी आठ ते रात्री अकरा, २०० श्रोत्यांपर्यंत. म्हणजे बघा, त्या चौघांची शनिवारची रात्र संसदेतल्या एका ओळीवर अवलंबून होती.

रूथ फिनेगन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात मिल्टन कीन्स या एकाच नव्या शहरातल्या अशा संगीताचा अभ्यास केला. पुस्तकाचं नावच 'द हिडन म्युझिशियन्स', म्हणजे न दिसणारे वादक. त्यांचं म्हणणं, हौशी आणि व्यावसायिक अशी सरळ रेघ मारता येत नाही. आणि शहरातल्या संगीताचा मोठा भाग या न दिसणाऱ्यांच्या मेहनतीवर उभा असतो.

आपल्याकडेही तेच. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जाझ वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा फिल्म स्टुडिओत वाजवत. चिक चॉकलेट हा आल्डोनाचा ट्रंपेटवादक. १९५१ च्या 'अलबेला'त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. पण सी. रामचंद्रांच्या त्या गाण्यांवर ठेका धरणाऱ्या किती जणांना ते नाव ठाऊक होतं?

शेवटी एक घरातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ पिंपरीला कारखान्यात होता आणि शनिवारी कॅम्पातल्या एका हॉटेलात बेस वाजवायचा. सात-आठ वर्षं. मी तेव्हा 'साध्य आणि साधन' यावर प्रबंध लिहीत होतो. तो दोनदा म्हणाला, "दादा, ये एकदा." मी गेलो नाही. मला वाटायचं, दारू पिणाऱ्यांसमोर वाजवणं म्हणजे वेळ घालवणं. पुढे लग्न झालं, पाळ्या बदलल्या, त्यानं ती गिटार विकली. अलीकडे मी त्याला विचारलं, "तुला काय मिळालं रे त्यातून?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चौघं एकदम संपवायचो. कुणी मोजायचं नाही, तरी एकदम. ऐकत कुणी नसायचं, पण आम्हाला कळायचं."

आतलं श्रेय म्हणजे काय, हे चाळीस वर्षं वर्गात शिकवताना मला इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. आणि मॅकिंटायरचं वाक्य मलाच लागू होतं: जो उतरला नाही, त्याला ओळखता येत नाही. निदान ऐकायला तरी जायला हवं होतं.

तुमच्या ओळखीत असं कुणी वाजवत असेल, तर या शनिवारी जा. पुढच्या टेबलावर बसा. आणि गाणं संपताना चौघांकडे बघा.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.