घरगुती इंटरनेट दूरध्वनी

आवाजाचे अंकीय रूपांतर करून तो इंटरनेटच्या जोडणीवरून पोहोचवणाऱ्या घरातील दूरध्वनी सेवेस घरगुती इंटरनेट दूरध्वनी असे म्हणतात. महाराष्ट्राच्या इतर भागांप्रमाणेच अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातही ही सेवा मुख्यतः ऑप्टिकल फायबरच्या जोडणीसोबत मिळते. ग्राहकाला नेहमीसारखा क्रमांक मिळतो आणि घरातील साधा किंवा कॉर्डलेस फोन वापरता येतो. फोन दिसायला जुनाच असला, तरी त्याला वीज पुरवण्याची जबाबदारी मात्र दूरध्वनी केंद्राकडून घरमालकाकडे आलेली असते.

पार्श्वभूमी

भारतात इंटरनेट दूरध्वनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी सैल केल्या. बीएसएनएलसह अनेक कंपन्या आता फायबरवर फोन देतात. नगर शहराचा ०२४१ हा संकेतांक लागणारे जुने क्रमांक तांब्याच्या तारेवरून फायबरवर नेताना कायम ठेवता येतात; अर्ज करतानाच तसे स्पष्ट सांगावे. नातेवाईक, बँक आणि दवाखाना यांच्याकडे वर्षानुवर्षे नोंदलेला क्रमांक गेला, तर नुकसान केवळ भावनिक नसते.

जोडणी

फायबर घरात ओएनटी नावाच्या पेटीत येऊन थांबते. तिच्या मागील बाजूस फोनची खूण असलेली लहान खाच असते. इंटरनेटच्या तारेची खाच तिच्याहून रुंद असते. कॉर्डलेस फोनच्या मुख्य तळाची तार या लहान खाचेत जोडावी. जादा हँडसेटना फक्त चार्जिंगचा स्टँड लागतो, वेगळी तार लागत नाही. नवा हँडसेट प्रथम पूर्ण चार्ज करून घ्यावा आणि नंतर माहितीपुस्तिकेप्रमाणे तळाशी त्याची नोंदणी करावी.

भिंतींतील जुन्या तारा वापरून दुसऱ्या खोलीत फोन न्यायचा असल्यास, बाहेरून येणारी तांब्याची तार आधी तंत्रज्ञाकडून सोडवून घ्यावी. ती तशीच राहिल्यास ओएनटी बिघडू शकते. गोल चकतीचे जुने फोन अनेक ओएनटींवर चालत नाहीत.

डेक्ट पद्धतीच्या कॉर्डलेस फोनचा पल्ला उघड्यावर सुमारे ३०० मीटर, तर घरात सुमारे ५० मीटर धरला जातो. दगडी वाड्याच्या जाड भिंतींत तो बराच घटतो. म्हणून तळ घराच्या मध्यभागी, लोखंडी कपाटापासून दूर ठेवावा. डेक्टची वारंवारता वाय-फायपेक्षा वेगळी असल्याने दोहोंचा एकमेकांस सहसा अडथळा होत नाही. संभाषणाला सेकंदाला साधारण १०० किलोबिट पुरतात; त्यामुळे आवाज तुटत असेल तर वेगवान योजना घेण्याआधी जोडणी तपासावी.

वीज गेल्यावर

तांब्याच्या तारेतून दूरध्वनी केंद्रातील बॅटरीची सुमारे ४८ व्होल्ट वीज घरापर्यंत येत असे. भारनियमनाच्या काळात गावभर अंधार असतानाही फोन वाजत असे तो यामुळेच. फायबर मात्र प्रकाश वाहते, वीज नाही. वीज गेली की ओएनटी बंद पडते आणि तिच्याबरोबर फोनही. कॉर्डलेस फोनच्या तळालाही वेगळी वीज लागते; हँडसेटमधील बॅटरी भरलेली असूनही डायल टोन येत नाही, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते.

वाड्या-वस्त्यांवर, विशेषतः मुले पुण्या-मुंबईस असलेल्या वृद्धांच्या घरी, हा प्रश्न गौण नाही. ओएनटी आणि फोनचा तळ हे दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. ओएनटीसाठी राउटरचा छोटा यूपीएसही मिळतो. तो घेताना ओएनटीच्या अडॅप्टरवरील व्होल्ट व अँपिअर जुळवून पाहावेत. सोबत एक साधा तारेचा फोन ठेवणे शहाणपणाचे, कारण त्याला ओएनटीकडून मिळणारी वीज पुरते. सारे जोडून झाल्यावर घराचा मुख्य स्विच बंद करून एकदा फोन लावून पाहावा. फायबर वाटेतच तुटले, तर यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. तेव्हा ११२ या आपत्कालीन क्रमांकासाठी मोबाइल हाताशी असावा.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना क्रमांकाआधी शून्य लावावे लागते. हँडसेटमध्ये क्रमांक साठवतानाच ते लावून ठेवणे सोयीचे.