मत नाही, तरी खोलीत का बसायचं?

ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हा आजच्या भागाचा मजकूर. प्रश्न असा: विषारी रसायनांवर देशादेशांची बैठक भरते, मत फक्त सरकारांना असतं. मग पर्यावरण संस्थांचे लोक तिथे जाऊन करतात काय?

उदाहरण घेऊ स्टॉकहोम कराराचं. सुरुवातीला डीडीटी, पीसीबी अशा १२ रसायनांवर बंदी किंवा बंधनं आणणारा हा करार. वाटाघाटी १९९८ मध्ये माँट्रियलला सुरू झाल्या, डिसेंबर २००० मध्ये जोहान्सबर्गला संपल्या आणि २००१ मध्ये सह्या झाल्या.

एका देशाने बंदी घालून का भागत नाही? कारण ही रसायनं वर्षानुवर्षं टिकतात. उष्ण प्रदेशात हवेत मिसळतात, वाऱ्याबरोबर जातात, थंड ठिकाणी खाली बसतात. असं करत करत पार आर्क्टिकपर्यंत पोचतात. तिथे मासे, सील यांच्या चरबीत साठतात आणि तेच खाणाऱ्या इन्युइट लोकांच्या शरीरात जातात. १९८०च्या दशकात कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात तपासणी झाली. उत्तरेकडच्या इन्युइट आयांच्या दुधात पीसीबीचं प्रमाण दक्षिणेतल्या बायकांपेक्षा सुमारे पाचपट निघालं. ही रसायनं त्यांनी बनवलीही नव्हती!

आता खोलीतली व्यवस्था बघा. संस्थांना 'निरीक्षक' म्हणून प्रवेश मिळतो. करारातच लिहिलंय की हजर देशांपैकी किमान एक तृतीयांश देशांनी हरकत घेतली तरच तो नाकारता येतो. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर रिव्ह्यूमध्ये कॉमेंट टाकता येते, मर्जचं बटण मात्र नाही. बोलता येतं, माहिती वाटता येते, चहाच्या वेळी प्रतिनिधींना गाठता येतं.

पण नुसत्या कॉमेंटने काय होतं? १९९९ मध्ये नैरोबीच्या बैठकीत इन्युइट नेत्या शीला वॉट-क्लूटिए यांनी आई आणि बाळाची एक दगडी मूर्ती भेट दिली. पुढच्या वाटाघाटींत ती अध्यक्षांच्या टेबलावर असायची. आकड्यांवर वाद घालणाऱ्यांना आपण कोणाबद्दल बोलतोय ते समोर दिसत होतं.

खरा पेच होता डीडीटीचा. काही पर्यावरण संस्थांना पूर्ण बंदी हवी होती. मलेरियावर काम करणारे डॉक्टर म्हणाले, घाईने बंदी आणलीत तर गरीब देशांत मुलं दगावतील. इथे इन्युइट प्रतिनिधींचं म्हणणं महत्त्वाचं ठरलं: आमच्या बाळांसाठी दुसऱ्या आईचं बाळ मलेरियाच्या तोंडी देऊ नका. शेवटी शेतीतला वापर बंद आणि रोग पसरवणाऱ्या डासांसारख्या कीटकांविरुद्ध मुभा, असा तोडगा निघाला. याच मुभेखाली आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनीला एचआयएल या सरकारी कंपनीच्या कारखान्यात डीडीटी बनत राहिलं. आणि कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांना असलेल्या विशेष धोक्याचा उल्लेख आला.

आणि आपलंच सरकार विरोधात असेल तर? एंडोसल्फानच्या वेळी तसंच झालं. केरळमध्ये कासरगोडच्या काजूबागांवर सुमारे वीस वर्षं हेलिकॉप्टरमधून हे कीटकनाशक फवारलं गेलं. तिथल्या मुलांमधली व्यंगं आणि आजार लोक दाखवत होते. तरी जागतिक बंदीला भारत सरकारचा विरोध होता. एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत केरळचे कार्यकर्तेही होते. म्हणजे भारताच्या दोन बाजू एकाच सभागृहात! शेवटी काही पिकांसाठी मुदतीची सवलत ठेवून एंडोसल्फान यादीत गेलं आणि भारताने ते मान्य केलं. १३ मे २०११ रोजी सुप्रीम कोर्टानेही देशात अंतरिम बंदी घातली.

म्हणजे मत नसलेला माणूस निर्णय घेत नाही. पण निर्णय घेणाऱ्याला 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय तो ठेवत नाही.

अशा बैठकींची हजेरी यादी इंटरनेटवर खुली असते. पुढच्या वेळी बातमी आली की ती उघडा आणि निरीक्षकांत कोण होतं ते बघा. तिथे फक्त पर्यावरण संस्था नसतात, रसायन कंपन्यांच्या संघटनाही असतात. त्यांच्याबद्दल पुढच्या भागात. भेटूच!