रुळांवरची छोटी रेल्वे: सामान कुठून आणावे?

आमच्या घोटीत रेल्वेचे कुणाला नवल नाही. कसाऱ्याहून थळ घाट चढताना गाडीला मागून जादा इंजिने ढकलतात, इगतपुरीला ती सुटतात आणि गाडी मोकळी होऊन घोटीवरून नाशिककडे निघते. हे पाहत वाढलेल्या आमच्या धाकट्याने दोन वर्षांची ईदी साठवली आणि छोटी रेल्वे मागितली. बॅटरीची नको, रुळातल्या विजेवर धावणारी. त्याचे दादा, म्हणजे आमचे अब्बा, रेल्वेत नोकरीला होते. त्यामुळे मागणीला घरातच वकील मिळाला.

पहिली खरेदी आम्ही घाईत केली. रूळ एकाकडून घेतले, इंजिन दुसऱ्याकडून. घरी आल्यावर इंजिन रुळांवर बसेचना! रूळ 9 मिलिमीटरचे, चाके 16.5 मिलिमीटरची. दुकानदाराने माल परत घेतला नाही, जवळजवळ अर्धी ईदी गेली. पोरगा रडला नाही, नुसता गप्प बसला. तेच आम्हाला जास्त लागले.

म्हणून आधी माप विचारावे. 'एचओ' म्हणजे खऱ्याच्या 87 वा भाग, रुळांतले अंतर 16.5 मिलिमीटर. 'एन' म्हणजे 160 वा भाग, अंतर 9. ब्रिटिश हॉर्नबीचे 'डबल ओ' मॉडेल थोडे मोठे असते, पण चालते 16.5 च्याच रुळांवर. जर्मनीच्या मार्क्लिनची जुनी एचओ इंजिने मात्र वेगळ्या, मधल्या तिसऱ्या संपर्काच्या पद्धतीवर चालतात. साध्या दोन रुळांच्या संचात ती मिसळू नयेत. (आपल्या खऱ्या रेल्वेचा गेज 1676 मिलिमीटर. एचओमध्ये तो 19 च्या वर भरतो. म्हणजे 16.5 चे रूळ आपल्या गाडीला जरा अरुंदच!)

नवख्याने सुटे भाग न घेता पूर्ण संच घ्यावा: रुळांचे कडे, इंजिन, दोन-तीन डबे आणि 12 व्होल्टचा कंट्रोलर. परदेशी संच महाग पडतात, कारण खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले. मुलांसाठी घेताना आयएसआय खूणही पाहावी. 2021 पासून ती सक्तीची आहे.

मुंबईला जाणे झाले तर सीएसएमटीवर उतरून क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटची खेळण्यांची दुकाने पायीच होतात. तारा, बटणे शेजारच्या लोहार चाळीत. छोटे दिवे आणि इलेक्ट्रॉनिक भागांसाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. पण पैसे मोजण्याआधी पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय एकदा बघाच. 1998 पासून ते लोकांसाठी खुले आहे. सिग्नल, पूल, घाट, सगळे चालताना दिसते आणि आपल्याला नेमके काय हवे ते कळते. आम्ही तिथे आधी गेलो असतो तर ती ईदी वाचली असती.

बाकीचे सामान विकत कशाला? प्लायचा तुकडा सुताराकडून आणला. डोंगर थर्माकोल आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा केला. रुळांखालची खडी म्हणजे चाळलेली वाळू, फेविकॉलच्या पाण्याने बसवलेली. घोटी तांदळाच्या गिरण्यांचे गाव, तेव्हा शेतांसाठी भाताचे तूस हिरवे रंगवले. त्यात दादीचा हात सगळ्यांत पुढे होता.

दादांचा हट्ट मात्र घाटाचा. थळ घाटाचा चढ 37 ला 1. त्या हिशेबाने रूळ 3 इंच उंच नेण्यासाठी सव्वानऊ फूट लांबी लागते आणि आमचा प्लाय सहा फुटांचा. शेवटी वळण घालून चढ बसवला. दोन डबे चढले, चौथ्याला चाके घसरली. दादा म्हणाले, "मागून दुसरे इंजिन लावा." त्यासाठी आता पुढच्या ईदीची वाट पाहणे चालू आहे. माप या वेळी पोरानेच कागदावर लिहून ठेवले आहे.