चट्टा दुखत नाही, म्हणूनच दाखवा! नस दुरुस्त करणाऱ्या पेशीतच लपतो कुष्ठरोगाचा जंतू

जिवती (तालुका प्रतिनिधी) : वावरात पायात काटा रुतला तरी कळले नाही, चुलीवरचे भांडे उचलून हाताला फोड आला पण चटका लागला नाही. असे होत असेल तर 'कातडी जाड झाली' म्हणून सोडून देऊ नका. आतली नस बिघडलेली असू शकते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्यात कुष्ठरोगाचे प्रमाण जास्त असलेले जिल्हे आहेत.

नसेची दुरुस्ती कोण करते?

नस म्हणजे मोटारपंपाची केबल समजा. आत संदेश नेणारी तार, वरून आवरण. हातापायाच्या नसांवर हे आवरण श्वान पेशी चढवतात. नावाचा कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे ते नाव. अशा मदतनीस पेशींना ग्लिया पेशी म्हणतात.

विळ्याने नस कापली की पुढची तार सडते. तेव्हा श्वान पेशी कचरा साफ करतात आणि ओळीने उभ्या राहून नव्या तारेला वाट करून देतात. ही तार दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. कोपरापासून बोटापर्यंत यायला वर्षही लागते. मेंदू आणि मणक्यात मात्र श्वान पेशी नसतात. तिथल्या ग्लिया पेशी जखमेभोवती वण धरतात, त्यामुळे नुकसान पसरत नाही, पण तार परत वाढणे अवघड होते.

गवंडीच आजारी पडतो

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला. तो नेमका श्वान पेशीतच घर करतो. दुरुस्ती करणारा गवंडीच आजारी पडला, तर घर कोण बांधणार? जंतू फार हळू वाढतो, लक्षणे दिसायला सरासरी ५ वर्षे लागतात. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. तोवर नस जाते, बोटे वाकडी होतात.

हे लक्षात ठेवा

• फिकट किंवा लालसर बधिर चट्टा, हातापायाला मुंग्या, पकड ढिली होणे दिसले की आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.
• औषध मोफत आहे. आजाराच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते. मधेच सोडू नका.
• उपचार सुरू असताना नस दुखली किंवा हात-पाय अचानक लुळा पडला तर लगेच डॉक्टरकडे जा. सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाले तर गेलेली ताकद परत येण्याची आशा असते. उशीर झाला तर जंतू मरतो, पण बधिरपणा राहतो.
• बधिर पायात चप्पल घाला, रोज तळवे पाहा. गरम भांडे फडक्याने धरा.

हा शाप नाही की पापाचे फळ नाही. आपल्याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, तेव्हा रुग्णाला गावाबाहेर काढत. आज गोळ्यांनी आजार पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून लागण होण्याचा धोका लवकरच संपतो. घरात कोणाला चट्टा असेल तर लपवू नका. जितक्या लवकर दाखवाल, तितकी नस वाचेल.