यंत्रालाही झोप हवी!

माणसाला झोप हवी, गाईगुरांना हवी, हे कोणी सांगायला नको. पण यंत्रालाही ती हवी असते आणि ती त्याला बेताने लावावी लागते, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

मुलांच्या टेबलावरचा लॅपटॉप घ्या. त्याच्या पोटात कॅमेरा, स्पीकर, वाय-फाय अशी पुष्कळ मंडळी नांदतात. प्रत्येकाला सांभाळणारा एकेक प्रोग्रॅम असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. कॅमेऱ्याला काम नसले, की ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या ड्रायव्हरला फर्मावते, ‘निजव त्याला!’ १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी यासाठी एसीपीआय नावाची नियमावली काढली. तीत डी-० म्हणजे पूर्ण जागे आणि डी-३ म्हणजे गाढ झोप.

माझा भाचा विचारतो, “मामा, मग सरळ निजवूनच का नाही टाकत?” बाबा रे, खरी कसोटी उठवण्यात आहे! गाढ झोपेत उपकरण आपली मांडणी विसरते. म्हणून ड्रायव्हर हातातले काम आधी पुरे होऊ देतो, मांडणी टिपून ठेवतो आणि जाग येताच ती जशीच्या तशी लावून देतो. शिवाय झोप जितकी गाढ, तितका उठायला उशीर. घडीघडीला निजवले-उठवले, तर वाचवलेली वीज उठवण्यातच खर्ची पडते.

हाच हिशेब साताऱ्याकडे कोयनेवर मोठ्या मापाने चालतो. १९६० मेगावॉटचा हा प्रकल्प. थंड पडलेला कोळशाचा बॉयलर तापायला तासन्‌तास लागतात. पाण्यावरची जनित्रे मात्र काही मिनिटांत जागी होतात. म्हणून विजेची मागणी चढली की त्यांना उठवायचे, ओसरली की निजवायचे.

आम्हा सांगलीकरांचा जीव या झोपेत अडकलेला आहे. पोफळीकडे वळवलेले पाणी वीज देऊन वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. ते परत येत नाही. धरणाच्या पायथ्याशी सोडलेले पाणी मात्र कऱ्हाडला कृष्णेत मिसळून आमच्याकडे येते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना त्याची वाट पाहतात. धरणाची साठवण सुमारे १०५ अब्ज घनफूट; त्यातले वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पश्चिमेकडे विजेसाठी ठरलेले. पाऊस रुसला, की एकेका घनफुटासाठी ओढाताण होते.

तुमचा लॅपटॉप निजल्याने जतची तहान भागणार नाही, हे मला कळते. पण रिकाम्या यंत्राला वेळेवर निजवावे आणि गरजेला वेळेवर उठवावे, हा धडा बोटाएवढ्या चिपेला आणि डोंगराएवढ्या धरणाला एकच आहे. दिवाळीत दिवे हौसेने लावा. मात्र ज्या खोलीत कोणी नाही, तिथल्या दिव्याला खुशाल झोपू द्या!