पडद्यावरची श्रीमंती आणि वहीतली उधारी

लग्नसराई सुरू झाली की बस्ता बांधण्यासाठी सात-आठ माणसे एकदम दुकानाच्या गादीवर येऊन बसतात. पूर्वी घरातील वडीलधारी मंडळी आधी रक्कम सांगत आणि मग माल पाहत. आता मुलगी किंवा तिची बहीण आधी मोबाईल पुढे करते आणि म्हणते, "चाचा, असाच शरारा दाखवा." फोटो एखाद्या नटीच्या लग्नाचा असतो. बाप गप्प बसून राहतो. शेवटी वीस हजारांचा माल बांधला जातो, पाच हजार रोख मिळतात आणि पंधरा हजार वहीत जातात.

नांदेडचा इतवारा असो, वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. म्हणून श्रीमंती, बदलते अर्थकारण आणि प्रसारमाध्यमे हा केवळ प्राध्यापकांचा विषय राहिलेला नाही. तो आपल्या खातेवहीचा विषय झाला आहे.

पूर्वी पैसा कोठून येतो हे दिसत असे. नांदेडात निजामाच्या काळातील उस्मानशाही मिल होती. कामगारांचा पगार झाला की बाजारास कळे. लातुरात आडतीवर माल उतरला की कोणाच्या हाती किती रक्कम आली, याचा अंदाज येई. उधारी त्या अंदाजावर दिली जाई.

पुढे १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आले. १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला आणि केबल घरोघर पोहोचली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाईलवर चित्रे पाहणे अगदी स्वस्त झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणजे ज्या वर्षी दुष्काळाने आपल्या गिऱ्हाइकाची कमाई आटली, त्याच वर्षी दुसऱ्याची श्रीमंती त्याच्या खिशात येऊन बसली. उधारी वाढण्याचे एक मोठे कारण येथे आहे.

हे केवळ मराठवाड्यातच घडले असे नाही. आफ्रिकेतील नायजेरिया हा तेल विकणारा देश. तेलाचे भाव कोसळल्यावर १९८६ मध्ये तेथील सरकारने आर्थिक फेररचना स्वीकारली. नायरा या चलनाची किंमत घसरली आणि पगारदारांचे हाल झाले. त्याच वेळी काही मोजके लोक मात्र एकाएकी श्रीमंत झालेले दिसू लागले. अशा काळात, १९९२ मध्ये, केनेथ न्नेबुए नावाच्या कॅसेट व्यापाऱ्याने 'लिव्हिंग इन बाँडेज' हा चित्रपट थेट व्हिडिओ कॅसेटवर काढला. त्यात एक माणूस झटपट श्रीमंतीसाठी गुप्त पंथात शिरतो आणि आपल्या बायकोचा बळी देतो. चित्रपट जोरात चालला. नॉलिवूड हा तेथील मोठा चित्रपट धंदा त्यानंतर उभा राहिला.

या कथेला आपण हसू नये. पैशांचा पाऊस पाडतो, गुप्तधन काढून देतो असे सांगून लुबाडणारे आपल्याकडेही आहेत. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला तो उगाच नव्हे. रक्कम दुप्पट करून देण्याच्या योजना त्याच जातीच्या. आणि हा रोग फक्त गिऱ्हाइकाला नाही. शेजाऱ्याने काचेचे दुकान केले म्हणून आपणही व्याजाची रक्कम उचलतो, तेव्हा आपणही दिखाव्याचेच गिऱ्हाईक झालेले असतो.

मात्र माध्यम मुळात वाईट नाही. नायजेरियाच्या त्या व्यापाऱ्याने ते धंद्याचे हत्यार केले. आपल्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या शेख नासिर यांनी यंत्रमागाच्या गावातील साध्या माणसांना घेऊन २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. त्यांनी पडद्याकडे नुसते पाहिले नाही, त्यावर आपले काम मांडले.

व्यापारी बंधूंनी यातून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, आपल्या मालाचे फोटो आपणच गिऱ्हाइकास पाठवावेत आणि सोबत भाव लिहावा. नटीच्या फोटोवर किंमत नसते; आपल्या फोटोवर असलीच पाहिजे. दुसरी, बस्ता उलगडण्यापूर्वी घरच्या कर्त्या माणसास बाजूला घेऊन रक्कम विचारावी आणि त्या बेताचाच माल काढावा. तिसरी, उधारी तोंडी देऊ नये. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा स्पष्ट आदेश आहे. आपण तो वाचतो आणि ओळखीच्या माणसापुढे विसरतो. मुदत सोयाबीन किंवा तुरीची रक्कम हाती येण्याचा हिशेब करून ठरवावी.

असे केल्याने एखादे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल, हे खरे. पण सुरतेच्या पेढीस ठरल्या दिवशी रक्कम पाठवावी लागते, तेथे वहीतली उधारी चालत नाही. आणि ज्या बापाने मुलीच्या निकाहसाठी न झेपणारी उधारी केली, तो पुढे आपल्या दुकानावरून जाताना मान खाली घालून जातो. आपली रक्कम जाते, त्याची इज्जत जाते. पाच हजारांचा रोख बस्ता बांधून दोघांनीही मान वर ठेवावी, रोजीची बरकत त्यातच आहे.